८०० फोटो, आठवडा सरला तरी एडिटिंग संपेना

प्रश्न:
सहलीचे ८०० रॉ फोटो (कॅमेऱ्यातल्या कच्च्या फाइल्स) लाइटरूम या फोटो-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलेत. पहिल्यापासून एकेक उघडतेय, रंग-उजेड नीट करून पुढे जातेय. रोज दोन तास बसूनही जेमतेम ९० झाले, आणि नव्वदावा पहिल्याशी रंगाने जुळतच नाही! कुठे चुकतंय?

उत्तर:
निवड आणि एडिटिंग एकदमच करताय, तिथेच वेळ जातोय. आधी एकाही स्लायडरला हात लावू नका. कॅप्स लॉक चालू ठेवा. ठेवायचा असेल तर पी, नको असेल तर एक्स दाबा, पुढचा फोटो आपोआप येतो. मी एका फोटोवर दोन-तीन सेकंदच थांबतो. हललेले, डोळे मिटलेले तिथेच गळतात. मग एकाच उजेडातले फोटो एकत्र घ्या, त्यातला एक मनापासून करा (आधी व्हाइट बॅलन्स म्हणजे रंगांची पिवळी-निळी झाक, मग एक्स्पोजर म्हणजे एकूण उजेड) आणि तेच बदल बाकीच्यांवर सिंक करा, म्हणजे एकदम लागू करा. क्रॉप मात्र सिंकमधून वगळा, प्रत्येकाची चौकट वेगळी असते.

उत्तर:
अगदी बरोबर. व्हाइट्सचा (सर्वांत उजळ भागांचा) स्लायडर ओढताना ऑल्ट दाबून धरा, जळालेला, म्हणजे अति उजेडाने तपशील गेलेला भाग काळ्या पडद्यावर लगेच उठून दिसतो. आणि रात्री पिवळ्या दिव्याखाली रंग ठरवू नका. मी ठरवले होते, सकाळी बघितलं तर सगळे चेहरे पिवळे.

प्रश्नकर्ती:
पाऊण तासात ८०० चे २१० उरले! सूर्यास्ताचे ३४ तर एकाच सिंकमध्ये जुळले. मनापासून आभार. आता सावलीतल्या फोटोंकडे वळते.