एक्झिक्युटर म्हणजे मालक नव्हे
ताई, 'बाबांनी दादाला एक्झिक्युटर नेमलंय, म्हणजे घर त्याचंच झालं का?' असं तुम्ही वर विचारलंय. नाही हो. एक्झिक्युटर म्हणजे मृत्युपत्रात लिहिल्याप्रमाणे सगळं पार पाडायला नेमलेला माणूस. मृत्युपत्रात त्याच्या नावे जे लिहिलं असेल तेवढंच त्याचं. बाकी सगळं त्याच्या ताब्यात येतं ते ज्याचं त्याला पोचवण्यासाठी.

माझ्या काकांनी मला नेमलं होतं. इंदूरला रामबागेतलं जुनं घर, आणि पलंगाखाली एक पत्र्याची पेटी. पासबुकं, एफडीच्या पावत्या, मालमत्ता कराच्या पावत्या, आणि तळाशी किराणेवाल्याच्या उधारीची वही. काकू म्हणाली, "आधी ही वही मिटव रे." कायद्याचा क्रमही तोच: अंत्यसंस्काराचा खर्च, मग देणी, आणि त्यानंतरच वाटप. देणी बाकी ठेवून वाटून टाकलं तर एक्झिक्युटरला स्वतःच्या खिशातून भरावं लागू शकतं, हे दादांना नक्की सांगा.

घाई करू नका. वाटपासाठी मृत्यूपासून 1 वर्षाची मुदत भारतीय वारसा कायदा, 1925 देतो. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, घेतलंत, तर तो मिळाल्यापासून 6 महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात द्यावा लागतो. नसेल घेतलं, तरी हिशेबाची वही ठेवाच. मी रिक्षाभाड्यापासून सगळं लिहायचो, दर महिन्याला दोघी बहिणींना दाखवायचो.

दादांना हे झेपणार नसेल तर नाकारता येतं. मात्र कामाला हात लावण्याआधीच ठरवू द्या.