जलरंगात मीठ आणि मेण: पोत नीट का उठत नाही?

प्रश्न: ३०० जीएसएम (प्रति चौरस मीटर ३०० ग्रॅम वजनाच्या, जाड) कागदावर ओल्या रंगात मीठ टाकलं तर फुलांसारखे फिकट ठसे उमटत नाहीत, नुसते मळकट ठिपके राहतात. मेणही वरून घासून रंग अडत नाही. काय चुकतंय?

उत्तर: वेळ. पाणी साचलेलं असेल तर मीठ विरघळून जातं. ओल्या रंगाची चकाकी पूर्ण गेली की ते रंग ढकलतच नाही. चकाकी मावळू लागताच चिमूटभर जाडं मीठ विखरा आणि कागद पूर्ण वाळल्यावरच ते झटकून टाका. ड्रायर अजिबात नको.

उत्तर: मेण रंगाच्या आधी, कोरड्या कागदावर! खडबडीत कागदावर पांढरी मेणबत्ती आडवी धरून हलकेच घासा, म्हणजे ती फक्त उंचवट्यांवर बसते. नंतर निघत नाही, तेव्हा जागा आधीच ठरवा.

उत्तर: जाड पोतासाठी वॉटरकलर ग्राउंड (जलरंग शोषून घेणारा लेप) पॅलेट नाइफने (रंग पसरवायच्या बोथट सुरीने) ओढून २४ तास वाळवा. साध्या जेसोवर (कॅनव्हासला लावायच्या पांढऱ्या अस्तरावर) रंग मुरत नाही, रंगाचा दुसरा थर देताना पुसला जातो.