मदत हवी आहे: स्प्लेंडरचा फाउंडेशन बोल्ट, नट घट्ट लागतो पण इंजिन हलतंय

नमस्कार मंडळी,

गाडी हिरो होंडा स्प्लेंडर, १९९९ चं मॉडेल, बाबांनी घेतलेली. मी इंदूरला सुदामा नगरात राहतो आणि कामाला पीथमपूरला हीच गाडी नेतो. इंजिन उत्तम आहे, धूर नाही, ॲव्हरेजही चांगलं देते. विकायची अजिबात नाहीये, म्हणून सविस्तर विचारतोय.

त्रास असा: ४५-५० च्या वर गेलं की फूटरेस्टमधून पायाला जोरात थरथर लागते. पहिल्या गिअरला क्लच सोडला की खालून ‘टक्’ असा आवाज येतो, थ्रॉटल सोडला की परत एकदा. उभ्या गाडीत रेस केली तर काहीच नाही. टॅपेट किंवा टायमिंग चेन असती तर उभ्या गाडीतही वाजली असती, म्हणून तो संशय सोडला.

या गाडीत फूटरेस्टची पट्टी इंजिनाच्या बुडालाच बोल्टांनी बसवलेली असते. आधी तेच बोल्ट तपासले, घट्ट आहेत. सायलेन्सरचे नटही घट्ट. मग इंजिन धुऊन पुसून घेतलं, काही दिवस गाडी चालवली आणि मेन स्टँडवर लावून टॉर्च मारला. मागच्या खालच्या फाउंडेशन बोल्टच्या (इंजिन फ्रेमला धरून ठेवणारा बोल्ट) नटाभोवती पिठासारखी बारीक तांबूस भुकटी जमली होती. वॉशरच्या कडेचा रंग घासून गेलाय, तिथे चकचकीत कडं पडलंय. बाकी बोल्टांपाशी असं काही दिसत नाही.

आता कोडं. पाना लावला की नट घट्ट लागतो. मेकॅनिकही ‘टाइट आहे’ म्हणाला. पण पलीकडून बोल्टच्या डोक्याला हात लावला तर नटाबरोबर अख्खा बोल्टच फिरतोय! म्हणजे नट गंजलेल्या आट्यांवर अडकलाय, फ्रेम आणि इंजिन आवळून धरतच नाहीये.

बोल्ट बदलायचा हे नक्की. पण काढताना इंजिनाचं वजन कशावर पेलायचं? फ्रेमचं भोक लांबट झालं असेल तर काय करायचं? नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) बरा की थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा चिकट द्रव)? कामाच्या वाटेवर राऊच्या पुढे सगळी ट्रकांची वर्दळ, तिथे ब्रॅकेटला चीर गेली तर काय, ही धास्ती आहे.

प्रतिसाद:
दादा, निदान बरोबर आहे. ती तांबूस भुकटी म्हणजे दोन लोखंडं एकमेकांवर घासल्याची खूण. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. फूटरेस्टची पट्टी काढा, इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन जॅकने वजन जेमतेम उचला. एका वेळी एकच बोल्ट काढा, सगळे एकदम नाही. ठोकावं लागलं तर मध्ये पितळेचा तुकडा धरा. नवा बोल्ट डोक्यावर ८.८ (मजबुतीचा आकडा) कोरलेलाच घ्या, सियागंजात हार्डवेअरवाल्यांकडे मिळेल. साधा लोखंडी ताणला जातो आणि परत हेच होतं. नवा बोल्ट भोकात घालून हलवून बघा. खळखळला तर जाड बोल्ट कोंबू नका, लेथवर बुश (भोकात बसणारी धातूची छोटी नळी) करून वेल्ड करून घ्या. वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढायला विसरू नका. मागे सायलेन्सरच्या उष्णतेपासून लांब असेल तर नायलॉक चालेल, नाहीतर आटे पेट्रोलने धुऊन निळं थ्रेडलॉक. सगळे फाउंडेशन बोल्ट आधी हातानेच बसवा, मग आवळा. ८ मिमीच्या बोल्टला २०-२५ न्यूटन मीटर पुरे. शेवटी नट आणि फ्रेमवर मिळून रंगाची एक रेघ मारा, सरकली तर लगेच कळेल. १०० किलोमीटरनंतर पुन्हा बघा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. रविवारी उघडतो, भोकाचा फोटो टाकतो. सुदामा नगर, अन्नपूर्णा किंवा राऊकडे बुशचं काम नीट करणारा लेथवाला माहीत असेल तर कृपया सांगा.