झोप लागता लागता ठोका चुकतो : तुमचे अनुभव लिहा

जळगाव :
दिवसभर काहीच नसतं हो. रात्री लाइट बंद करून डाव्या कुशीवर वळलं, डोळा लागायला आला की छातीतला एक ठोका गायब आणि पुढचा असा धप्पकन बसतो की मी उठूनच बसते. नवरा अर्धवट झोपेत "काय झालं गं" म्हणतो आणि परत घोरायला लागतो. ईसीजी काढला, नॉर्मल. येणारच ना, तो काही सेकंदांचा, तेवढ्यात माझं हृदय शहाण्यासारखं वागतं. कोणाला असं होतं का? तपासण्या काय झाल्या, झोप कशी लागते ते लिहा. लसूण-लिंबाचे काढे मात्र नको, ते फॅमिली ग्रुपवर पुष्कळ येतात.

भुसावळ, रेल्वेत :
ताई, सेम टू सेम. मला डॉक्टरांनी २४ तासांचं होल्टर लावलं, म्हणजे दिवसरात्र ईसीजी नोंदवत राहणारं मशीन. छातीला चिकटपट्ट्या, वायरी, कमरेला डबी अन सोबत एक कागद, धडधडलं की टाइम लिहायचा. ते पण मे महिन्यात, म्हणजे आपल्याकडचा मे तुम्हाला माहितीच आहे, घामानं पट्ट्या निघायला लागल्या तर बायकोनं वरून मेडिकलचा टेप मारून दिला अन मी कूलरसमोरून हललोच नाही. पण फायदा झाला भो! रात्री पावणेबाराला "आत्ता झालं" लिहिलं होतं, रिपोर्टमध्ये बरोब्बर त्याच टायमाला वेडावाकडा ठोका सापडला. व्हीपीसी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून वेळेआधी पडणारा ठोका. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नॉर्मल होता म्हणून गोळी नाही दिली, फक्त नाइट ड्युटीतला पहाटेचा चहा बंद करायला लावला, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास जातात अन मी सकाळी घरी येऊन लगेच आडवा व्हायचो.

धुळे, नर्स आहे :
ठोका चुकत नाही, खरं तर तो वेळेआधी पडतो. तेव्हा हृदय पुरतं भरलेलं नसतं म्हणून तो जाणवत नाही, मग थोडं थांबायला होतं, त्या वेळात रक्त जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो, तोच तुम्हाला धप्पकन लागतो. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला जास्त टेकतं, त्यात घर शांत, म्हणून दिवसा जे कळतच नाही ते रात्री कळतं. उजव्या कुशीवर झोपून बघा, बऱ्याच जणांना तेवढ्यानंच फरक पडतो. मात्र चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, दम लागणं, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल तर धागे वाचत बसू नका, हार्टच्या डॉक्टरांकडे जा.

रावेर :
आमच्या घरी केळीचेच मळे, त्यामुळे जो तो म्हणे केळी खा, पोटॅशियम असतं. मी तर लहानपणापासून केळीच खातोय! निघालं काय, तर बीपीची गोळी लघवी वाढवणारी होती, तिनं पोटॅशियम कमी होत होतं. रक्त तपासलं, गोळी बदलली, ठोके बरेच कमी झाले. आणि एक, आमच्या मोठ्या बाबांना किडनीचा त्रास आहे, त्यांना डॉक्टरांनी केळं बंद केलंय, पोटॅशियम वाढलं तरी हृदयाला धोकाच. म्हणून ऐकीव उपाय नको.

चाळीसगाव, सध्या पुण्यात :
माझा त्रास घड्याळानं वाढवला. रात्री पडल्या पडल्या मनगटावर बघायचं, ७२, ७८, ९१, बघितलं की घाबरायचं, घाबरलं की अजून वाढायचं. तपासण्या सगळ्या नीट आल्यावर घड्याळ रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला ठेवतो. ठोका आला की श्वास सावकाश सोडतो, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. ठोके अजून येतात, पण मी उठून बसत नाही.

नंदुरबार :
माझ्या अप्पांचं वेगळं निघालं म्हणून लिहितेय. त्यांना पण झोपताना फडफड व्हायची, आम्ही अॅसिडिटी समजून बडीशेप देत होतो. एकदा मी मनगट धरलं तर दोन ठोके भरभर, मग गॅप, मग एक, परत तीन भरभर, काही मेळच नाही. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन आलं, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसायच्या ऐवजी नुसते फडफडतात. यात हृदयात गुठळी होऊन लकव्याची भीती असते, म्हणून रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घोरतात का? घोरतात म्हणजे, गल्लीला ऐकू जातं, मधेच श्वास अडकतो अन दचकून उठतात. स्लीप अॅप्निया. आता रात्री मास्कचं मशीन लावतात. सुरुवातीला फार कुरकुर केली, फेकून दे म्हणायचे, आता लग्नाला गेले तरी बॅगेत घेऊन जातात.

अमळनेर :
मला हिमोग्लोबिन कमी आणि थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त, दोन्ही एकदम. डोस कमी केला, लोहाच्या गोळ्या घेतल्या, बरंच थांबलं. आता फक्त रात्री उशिरा शेवभाजी चापली तरच होतं, आणि ती काही मी सोडणार नाही, आठच्या आत जेवते.

शिरपूर :
मला पुढच्या आठवड्यात होल्टर लावायचंय. आंघोळ चालते का त्यात?

भुसावळ, रेल्वेत :
नाही चालत, करूनच जा. छातीला तेल, पावडर काही लावू नका, पट्टी चिकटत नाही. अन पुढून बटणाचा सैल शर्ट घाला, छातीवर केस असतील तर ते तिथंच साफ करतात. झोपताना डबी अंगाखाली येऊ देऊ नका, माझी आली होती, वायरच सुटली.