बंद थिएटरच्या शोकेसमध्ये बाबांच्या हातचा बोर्ड आहे, तो कसा काढावा?

परळची_लेक:

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे आणि हातात दिवस थोडे आहेत. दिवाळीनंतर पाडकाम सुरू होणार.

लालबाग-परळ पट्ट्यातलं एक थिएटर आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याकडे आता जागा आहे त्यांच्याशी माझं बोलणं अजून चालू आहे. २००९ साली बंद पडलं, तेव्हापासून शटर खाली. गेल्या आठवड्यात तिथल्या वॉचमन काकांनी मला पाव तास आत सोडलं.

आधी बाबांबद्दल सांगते, त्याशिवाय मला काय हवंय ते कळणार नाही. बाबा गिरणीत कापडाच्या गाठींवर मार्का मारायच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमच्या घरापुरता तो कधी मिटलाच नाही. मग त्यांनी अक्षरं रंगवायला घेतली. दुकानांच्या पाट्या, गणपती मंडळांचे फलक, टेम्पोचे नंबर, आणि १९८५ पासून या थिएटरचा बोर्ड. चार बाय तीन फुटांचा पत्रा, लाकडी चौकट, काळा ऑइलपेंट. दर गुरुवारी रात्री शेवटचा खेळ सुटला की ओल्या फडक्याने जुनी अक्षरं पुसायची आणि नवीन लिहायची. सफेद्यात डिंकाचं पाणी ओतायचं काम माझं. जास्त ओतलं तर अक्षर ओघळायचं, कमी पडलं तर सकाळपर्यंत पापुद्रा सुटायचा.

तो बोर्ड अजून तिथेच आहे. तिकीटखिडकीशेजारच्या काचेच्या शोकेसमध्ये, कुलूप गंजलेलं. त्यावर लिहिलंय:

आज शेवटचे ३ खेळ
१२ – ३ – ६

मॅनेजर त्यांना नेहमी ‘शो’ लिहायला सांगायचे. बाबा ‘खेळ’च लिहायचे. त्यांच्या ‘ळ’ची उजवी वाटी डावीपेक्षा किंचित मोठी असते, अंधारातसुद्धा ओळखली मी. बाबा २०१६ मध्ये गेले. त्यांच्या हातचं एक अक्षर आमच्या घरात नाही, कारण दर आठवड्याला पुसायचंच काम होतं ते.

दुसरी गोष्ट. बाल्कनीच्या जिन्याखाली प्लायवुडवर पोस्टरं लावायची जागा होती. जुनं न काढता त्यावरच नवीन चिकटवत गेल्यामुळे आता तिथे अंगठ्याच्या पेराएवढा जाड थर झालाय. एक कोपरा उलगडलाय, त्यात गुलाबी, निळं, कुणाची तरी अर्धी मिशी, मग ‘२ रा आठवडा’ची पिवळी पट्टी असं एकाखाली एक दिसतं. तेही वाया जाऊ नये असं फार वाटतं.

बोर्ड काचेतून कसा काढू? पोस्टरं सुटी करता येतील का? आणि ती कुणाला द्यावीत?

आबा_घोडपदेव:

पोरी, तुझा प्रश्न वाचून रात्री झोप नाही आली. १९७८ ते १९९६ मी पोस्टर चिकटवायचं काम केलं. भायखळ्यापासून हिंदमातापर्यंत माझी लाइन होती, म्हणजे तुझं थिएटर माझ्याच वाटेवरचं असणार.

गुरुवारी रात्री एकला निघायचो. सायकल, मागे घडी घातलेली पोस्टरं, हँडलला बादली, लांब दांड्याचा कुंचा. शुक्रवारी पहिल्या खेळाआधी सगळं लागलेलं पाहिजे. साधं पोस्टर ३० बाय ४० इंच. मोठ्याला सहा कागद, ते जोडताना हिरोचा कान सरकता कामा नये. खळ मैद्याची, घरी शिजवायची आणि त्यात मोरचूद टाकायचं. बिनमोरचुदाची खळ असेल तर उंदीर, झुरळं खातात आणि खालच्या अंगाची पोस्टरं गाई ओढून खातात. रस्त्यावरची अर्धी मेहनत गाईंच्या पोटात गेलेली बघितलीय.

आता काढायचं कसं. पाणी लागेल. कोमट पाण्यात फडकं भिजवून खालच्या कडेवर दाबून ठेव, अर्धा तास. खळ फुगली की पातळ उलथणं घालून खालून वर सोडवत जा. वरून खाली ओढलंस तर उभं फाटेल. हातात मोजे घाल, मोरचूद विषारी असतं.

आणि माझा हात ओळखायचा असेल तर उजवा खालचा कोपरा बघ. तिथे मी खळ लावायचो नाही. दोन बोटं सुटी ठेवायचो, पुढच्या वेळी ओढून काढायला बरं म्हणून. काढायला वेळ कधीच मिळाला नाही, वरूनच चढवायचो, पण सवय राहिली.

अंधेरी_पूर्व:

चोरबाजारात मटण गल्लीत जुन्या पोस्टरांची दुकानं आहेत. त्यांना बोलवा, काढूनही नेतील आणि पैसेही देतील. बोर्डाला तेवढा भाव येणार नाही, त्यावर सिनेमाचं नाव नाही.

जुनी_पानं:

ताई, कृपा करून बोर्डाला पाण्याचा थेंब लावू नका. आबांचं पोस्टरांबद्दलचं ज्ञान खरं आहे, पण तुम्हीच लिहिलंय की अक्षरं सफेदा आणि डिंकाची आहेत आणि ओल्या फडक्याने पुसली जायची. ती आजही तशीच पुसली जातील. इतक्या वर्षांत डिंक सुकून अक्षरं भुकटीसारखी झाली असतील, तेव्हा कोरडं फडकंसुद्धा नको. वर बसलेली धूळ तशीच राहू द्या.

मी कागद आणि चित्रांच्या संवर्धनाचं काम करते. माझा सल्ला असा की बोर्ड काचेतून काढूच नका, शोकेसच भिंतीवरून उतरवा. जुन्या शोकेस बहुधा भिंतीत लाकडी गुट्टे ठोकून त्यात स्क्रूने बसवलेल्या असतात. स्क्रू गंजले असतील तर डोकं कापून काढावं लागेल. हातोडा नको, हादऱ्याने अक्षरं गळतील. आतला बोर्ड सैल नाही ना ते आधी बघा. काचेवर बाहेरून कागदी टेप आडवी-उभी लावा म्हणजे तडकली तरी तुकडे आत पडणार नाहीत. खाली उतरल्यावर आडवी ठेवा, अक्षरं वरच्या बाजूला, आणि टेम्पोत खाली गादी घाला. घरी आणल्यावर शोकेस उघडायची घाई करू नका.

पोस्टरांचा थर जागेवर सोडवू नका. प्लायला वाळवी लागली नसेल तर प्लायसकटच कापून आणा. पाण्याने खळ सुटते हे खरं, पण प्रत्येक थराची शाई वेगळी. छापील पोस्टराची शाई सहसा टिकते, ती पिवळी पट्टी मात्र बहुतेक रंग सोडेल आणि खालच्या कागदात उतरेल. म्हणून आधी एका कोपऱ्यात ओल्या कापसाने टिपून बघायचं, मग एकेक थर, टेबलावर. मोरचुदाचं आणखी एक. त्याने किडा दूर राहिला, पण त्यातलं तांबं वर्षानुवर्षं कागदाला आतून ठिसूळ करतं. थर जिथे तपकिरी दिसेल तिथे वाकवू नका.

लॅमिनेशन आणि सेलोटेप अजिबात नको. घरोघरी जुनी पोस्टरं मी याच दोन गोष्टींनी मेलेली पाहिली आहेत.

द्यायचं कुणाला? पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, तिथे पोस्टरं, गाण्यांची पुस्तकं, फोटो सगळं जपतात. मुंबईत पेडर रोडला गुलशन महालात २०१९ मध्ये सिनेमाचं संग्रहालय उघडलंय. पण देण्याआधी तुम्ही इथे जे लिहिलंत ते सगळं कागदावर उतरवा. थिएटर कुठलं, बोर्ड कुणी लिहिला, कशाने लिहिला. पोस्टरावर सिनेमाचं नाव छापलेलं असतं, म्हणून ते नंतरही ओळखता येतं. बोर्ड लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नसतं.

अंधेरी_पूर्व यांना एक सांगते. उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं भारतीय सिनेमाचं पोस्टर म्हणून बाबूराव पेंटरांच्या ‘कल्याण खजिना’चं नाव घेतात, ते १९२४ चं. ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावात कॉरोनेशनला लागला १९१३ मध्ये. मधल्या अकरा वर्षांतलं भिंतीवरचं काय उरलंय? छापलेल्या कागदाची ही गत, तर दर गुरुवारी पुसल्या जाणाऱ्या बोर्डांची काय असेल? म्हणून भावाचा हिशोब मला पटत नाही.

तिसरी_घंटा:

मी नाटकवाला, बॅकस्टेजला पंचवीस वर्षं. आमच्या परळचा दामोदर हॉल, १९२२ चा, २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाला तेव्हा मी खूप हळहळलो होतो, त्यामुळे तुमची घालमेल समजते.

एकच सांगायचंय, कागद करून घ्या. वॉचमन काकांच्या भरवशावर काही उचलू नका, नोकरी त्यांची जाईल. मी एकदा दुसऱ्या एका बंद नाट्यगृहातून प्रयोगांचा जुना फलक असाच तोंडी परवानगीवर आणायला गेलो. गेटवर अडवलं, फलक तिथेच राहिला, आणि दोन दिवसांनी तो भंगारच्या गाडीत चढलेला पाहिला. तेव्हा साधं पत्र लिहा. कोणत्या वस्तू, किती, कशासाठी. वस्तूंचे फोटो जोडा. दोन प्रती, दोन्हीवर सही-शिक्का. ‘भंगाराच्या किमतीला’ असं ते म्हणाले तर तेवढे पैसे देऊन पावती घ्या. पावती असली की कुणी परत मागत नाही.

फोटो काढताना टॉर्च समोरून मारू नका, बाजूने तिरका मारा. ब्रशचा दाब दिसतो.

परळची_लेक:

सगळ्यांचे आभार. जुनी_पानं ताई, तुम्ही नसतात तर मी ओलं फडकं घेऊनच गेले असते. आईने घरचं जुनं फडकं धुऊन वाळत घातलं होतं त्यासाठी.

अंधेरी_पूर्व, राग नाही, पण विकायचं नाही. पोस्टरं संग्रहालयाने घेतली तर त्यांना देईन. बोर्ड आई आहे तोवर घरी राहील.

पत्र दिलं. ४०० रुपये भंगाराचे म्हणून घेतले, पावती दिली. परवा शनिवारी आम्ही चौघं गेलो. शोकेसचे सहा स्क्रू, त्यातले दोन कापावे लागले, सव्वा तास लागला. काच शाबूत. टेम्पोवाल्याला सांगितलं होतं, हळू चालव, आत माणूस झोपलाय असं समज. तो परळ पुलावर खरंच पहिल्या गिअरमध्ये चालवत होता आणि मागचे हॉर्न मारत होते.

तिरक्या टॉर्चमध्ये जे दिसलं ते सांगते. ‘३ खेळ’च्या खाली, काळ्या रंगात, पुसलेल्या जुन्या अक्षरांच्या कडा दिसतात. एकावर एक, किती आठवड्यांच्या कुणास ठाऊक. एक ‘प्र’ स्पष्ट वाचता येतो. आणि पेन्सिलीच्या दोन आडव्या रेघा, पट्टी न घेता मारलेल्या. बाबा दोरी खडूत बुडवून रेघ मारतात असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत आले. तसं ते पाट्यांना करायचे, इथे हातानेच मारलेली आहे, आणि सरळ आहे.

आईला दाखवला. तिने काचेवरून बोट ‘ळ’वर ठेवलं आणि विचारलं, त्या दिवशी घरी येऊन जेवले का ते? मला आठवेना.

आबा, प्लायची डावी बाजू वाळवीने खाल्ली होती, तेवढी सोडून उरलेला थर कापून आणलाय. उजवा खालचा कोपरा पूर्ण आहे. वरची पोस्टरं घट्ट चिकटलेली आहेत. त्यांच्या खाली अकरा कागद असे आहेत की कोपऱ्यात बरोबर दोन बोटं आत जातात. येत्या रविवारी सकाळी आमच्याकडे याल का? पत्ता निरोपात पाठवते. जिना एकच मजला आहे, आणि मोजे मी आणून ठेवलेत.