कॅन्सरची लाईट (रेडिएशन) द्यायच्या आधी तोंडाचं पुढं काय होणार हे पेशंटला सगळं सांगावं का?

पंचगंगाकाठी (धागाकर्ता)
आमच्या आण्णांना २०१९ साली गालाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, मग तीस वेळा लाईट, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. आजार गेला तो आजतागायत परत आला नाही. त्याबद्दल कुणाला नावं ठेवायची नाहीत.

पण गेल्या दिवाळीनंतर खालची दाढ ठणकायला लागली. गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन काढून आले, दहा मिनिटांचं काम. तीन महिने झाले, जखम भरेना. परवा टॉर्च लावून बघितलं तर हिरडीतून हाड दिसतंय, जुन्या कवडीसारखं पिवळट. याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात हे आम्हाला आत्ता कळलं. लाईटमुळं जबड्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत जातात, आणि मग हाडाला जखम भरून काढायची ताकद राहत नाही. खालच्या जबड्याला मुळात रक्तपुरवठा कमी, त्यामुळं जास्त करून तिथंच. वर हा धोका वर्ष-दोन वर्षांत संपत नाही, जन्मभर राहतो.

फाईल उलटून पालटून बघितली. "तोंड स्वच्छ ठेवा" एवढंच लिहिलंय. माझं म्हणणं सरळ आहे. डेंटिस्टची सही असल्याशिवाय लाईटची तारीखच देऊ नये, आणि पुढचं सगळं पेशंटला आधी सांगावं. सगळं म्हणजे सगळं.

जुना_टेक्निशियन
पोरा, तुझ्या वडलांचं वाईट वाटलं. पण मी या मशीनवर पंचवीस वर्षं काढली, म्हणून उलटं बोलतो.

गडहिंग्लज, राधानगरीकडनं माणूस येतो. आधीच निम्मा मेलेला असतो भीतीनं. त्याला सांगायचं की थुंकी आटेल, चव जाईल, दात किडतील, तोंड उघडायचं नाही, हाड सडेल. दुसऱ्या दिवशी तो येत नाही. झाडपाल्याच्या औषधाला जातो. सहा महिन्यांनी येतो तेव्हा मानेतली गाठ फुटून वाहत असते. अशी माणसं मी मोजायची सोडून दिली होती.

आणि सहीचं म्हणतोस. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत लाईट सुरू व्हावी लागते. दात काढला तर भरायला दोन-तीन आठवडे सोडावे लागतात. डेंटिस्टची तारीख मिळेपर्यंत कॅन्सर थांबतो होय?

पंचगंगाकाठी
काका, ऑपरेशनच्या आधी दात बघायला कुणी अडवलं होतं? भूल दिलेलीच असते, त्याच वेळी खराब दाढा काढता आल्या असत्या.

कागलची_सून
मी दोन्ही बाजूंना नाही, तिसरीकडं आहे.

माझ्या सासूबाईंना आधी नीट सांगितलं, दातपण बघितले, आणि "नंतर कटकट नको" म्हणून सगळे काढून टाकले. बावीस दात. त्यातले कितीतरी चांगले होते. आता कवळी बसत नाही. कवळी टिकायला तोंडात ओल लागते आणि ती तर लाईटनं गेली. माणसाला दिवसाला लिटरभराच्या आसपास लाळ सुटते म्हणे. यांच्या तोंडात खडूची भुकटी टाकल्यासारखं असतं. रात्री तीनदा उठतात, जीभ टाळ्याला चिकटलेली असते. उशाला तांब्या, कमरेला बाटली. भाकरी दुधात कुस्करून, तीही लगदा होईपर्यंत. तांबडा रस्सा घरात शिजला तर त्या परड्यात जाऊन बसतात. वास सहन होतो, आठवण सहन होत नाही म्हणतात.

चव मात्र वर्षभरात बरीचशी परत आली, हे घाबरलेल्यांसाठी सांगते.

दाताची_पेठ
मी डेंटिस्ट आहे, शाहूपुरीत. ताई, सरसकट सगळे दात काढायची ती जुनी पद्धत. ज्याचं पुढं भागणार नाही तेवढाच काढायचा आणि बाकीचे सांभाळायचे. सांभाळायचे म्हणजे रोज फ्लोराईड, आयुष्यभर. लाळ नसली की दात हिरडीलगत मानेशी किडतो आणि वरचा भाग अख्खाच्या अख्खा तुटून हातात येतो. वर्षभरात तोंड रिकामं झालेलं मी बघितलंय.

धागाकर्त्यांना एक बोचरं विचारतो. दाढ काढायच्या दिवशी तिथल्या डॉक्टरांना लाईटचं सांगितलं होतं का? माझ्याकडं येणारे निम्मे सांगत नाहीत. "बरा झालोय की, आता कशाला काढायचं ते." सांगितलं तर आम्ही आधी कागद मागतो, कुठल्या भागाला किती डोस गेलाय. ग्रे हे लाईटच्या डोसचं माप. ६० ग्रेच्या वर गेलेल्या जागी शक्यतो दात उपटायचाच नाही. मुळावर उपचार करून वरचा भाग कापायचा आणि मूळ तसंच आत ठेवायचं.

पंचगंगाकाठी
नाही सांगितलं. सांगायला हवं असतं हेच कुठं माहीत होतं? माझा मुद्दा तोच आहे डॉक्टर.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
तुम्ही सगळे जुन्या मशीनचं बोलताय. आता आयएमआरटी आहे, लाळेच्या ग्रंथी वाचवून लाईट देतात. ब्रिटनमधला पारस्पोर्ट नावाचा अभ्यास २०११ मध्ये छापून आला. दोन वर्षांनी तोंड चांगलंच कोरडं असणारे जुन्या पद्धतीत ८३ टक्के होते, नव्यात २९. उगाच लोकांना जुनी भुतं दाखवू नका.

दाताची_पेठ
आकडे बरोबर आहेत. पण २९ म्हणजे शून्य नव्हे, आणि तो आकडा लाळेचा आहे. गाठीला लागून जे हाड असतं त्याला पूर्ण डोस बसतोच. गालाचा कॅन्सर म्हटल्यावर जबडा कुठं लपवणार?

लई_भारी_७७
मावा खाताना कुणाला विचारलं होतं? तेव्हा पुडी चोळताना काय वाटलं नाही, आता डॉक्टरनी सांगितलं नाही म्हणायचं.

पंचगंगाकाठी
भावा, आण्णांनी मावा खाल्ला, तीस वर्षं खाल्ला. सुपारीनं गाल आतून आवळलेला, तोंड आधीच दोन बोटं उघडत होतं. म्हणून तर जास्त सांगायला पाहिजे होतं. लाईटनंतर स्नायू आणखी आखडतात. रोज आईस्क्रीमच्या काड्या दातांमध्ये एकेक वाढवत तोंड ताणायचं असतं, हे पहिल्या आठवड्यापासून केलं असतं तर आज डॉक्टरचा आरसा तरी आत गेला असता. चूक केलेल्याला माहिती द्यायची नाही असा नियम आहे का?

कागलची_सून
७७, तुमच्या घरात कुणाला होऊ नये एवढंच म्हणते.

उचगावचा_वाटसरू
जास्त दाबाच्या ऑक्सिजनच्या टाकीत बसवतात ना, त्यानं हाड भरतं असं ऐकलंय. लाखाच्या घरात खर्च सांगतात. करावं का?

दाताची_पेठ
दात काढायच्या आधी टाकीत बसून धोका कमी होतो का, एवढं सांगू शकतो. ब्रिटनमधली होपॉन चाचणी, २०१९. लाईट घेतलेल्या खालच्या जबड्यावर दात काढणं वगैरे शस्त्रक्रिया करायची होती असे पेशंट घेतले. टाकीत बसलेल्यांत ६.४ टक्क्यांचं हाड उघडं पडलं, न बसलेल्यांत ५.७. म्हणजे फरक नाही. एकदा हाड उघडं पडलं की काय करायचं ते जबड्याच्या सर्जनना तपासून ठरवू द्या, इथं विचारून पैसे घालू नका.

जुना_टेक्निशियन
बघा, तुमच्याच आकड्यानं माझं काम झालं. शंभरातल्या सहा जणांना होतं. त्या सहांसाठी चौऱ्याण्णवांची झोप उडवायची?

दाताची_पेठ
काका, ते सहा कसल्या व्यवस्थेतले आहेत ते बघा. दोन्ही गटांना अँटिबायोटिक होतं, माऊथवॉश होता, आणि काढणाऱ्याला लाईटचं माहीत होतं. गल्लीत गेले, दाढ काढून घेतली आणि घरी आले, असल्यांचा तो आकडा नाही.

जुना_टेक्निशियन
बरं, हे मानलं. पण पहिल्या दिवशी सांगायचं नाही यावर मी ठाम आहे. तिसऱ्या आठवड्यात सांगा. तोवर माणूस रुळलेला असतो, मशीनची भीती मोडलेली असते, आमच्याशी दोन शब्द बोलायला लागतो. आम्ही सांगायचो ते तेव्हाच.

पंचगंगाकाठी
तिसऱ्या आठवड्यात तोंडभर फोड असतात काका. पाणी गिळवत नाही. तेव्हा दाढ खराब आहे असं कळून काढणार कोण?

जुना_टेक्निशियन
ते खरं आहे. तेव्हा कुणी काढत नाही.

कागलची_सून
धागाकर्ते, आण्णांना सर्जनची तारीख कधीची मिळाली?

पंचगंगाकाठी
पुढच्या बुधवारची. या वेळी लाईटचा कागद झेरॉक्स करून त्यांच्या खिशातच ठेवलाय.