पदयात्रींना मुक्काम मिळतो, मग बेघरांना का नाही?

गिरणाकाठ (धागालेखक)
चैत्रात सप्तशृंगीला निघालेल्या पदयात्रींसाठी धुळे-मालेगाव रस्त्याला मांडव पडतात. पाणी, चहा, जेवण, पायाला लावायला तेलसुद्धा. रात्री कुणी शाळेच्या पडवीत झोपतं, कुणी देवळात, आधार कार्ड कुणी मागत नाही. मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते तेव्हाही वाटेवरची गावं मुक्कामाची सोय करतात. अनोळखी माणसाला रात्रभर ठेवून घेणं खान्देशाला शिकवावं लागत नाही. मग देवळाच्या ओट्यावर झोपलेल्या म्हातारीला आपण का हुसकावतो?

भंडारे व्हावेतच. पण वरण-बट्टीच्या एका पंगतीत पाहिलेलं सांगतो. एक बाई वरण नको, बट्ट्याच द्या म्हणत होती. बट्टी दुसऱ्या दिवशीही खाता येते, वरण आंबतं. वाढणारा पोरगा तिच्यावरच खेकसला. तिच्या मागचा म्हातारा तर जेवलाच नाही, कारण गाठोडं मांडवाबाहेर ठेवायला सांगितलं होतं. घोंगडी, गोळ्या, कागदपत्रं, त्याचा सगळा संसार त्यात.

ज्यांच्याकडे भक्तनिवास किंवा सभागृह आहे, त्यांनी थंडीत रात्री आणि मे महिन्यात दुपारी एक खोली उघडावी. देऊळ असो, मशीद असो, चर्च असो.

एक_विश्वस्त
तुलना पटली नाही. दिंडीला प्रमुख असतो, काही झालं तर त्याला विचारता येतं. शिवाय दिंडी सकाळी पुढे जाते. आमच्या सभामंडपात दोघं-तिघं झोपायचे. एका रात्री दारू पिऊन डोकी फुटली आणि जबाब द्यायला आमच्या पुजाऱ्याला जावं लागलं. तेव्हापासून कुलूप. आणि हे काम महापालिकेचं आहे. शहरात लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही बारमाही आणि चोवीस तास, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलंय. आमच्या ट्रस्टच्या घटनेत निवारा नाही, खर्च कशात दाखवू?

गिरणाकाठ
त्या हिशेबाने एकट्या जळगाव शहरात चार निवारे हवेत, 2011 च्या जनगणनेत शहर साडेचार लाखांच्या पुढे होतं. पालिकेला धरायचंच, पण तोवर माणूस फुटपाथवर ठेवायचा का? सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 9 मध्ये गरिबांचं आणि संकटातल्यांचं साहाय्य हा धर्मादाय हेतूच आहे. तुमच्या घटनेत नसेल तर दुरुस्ती करता येते. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा आहे. त्यांची पुण्यतिथी आपण सगळेच करतो.

तापीकर
भाऊ, तुन्हं म्हननं खरं शे, पन रोज आयतं भेटनं ते काम कोन करी? केळी कापायला माणूस मिळत नाही इकडे. धडधाकट माणसाला फुकट ठेवणं म्हणजे दया नव्हे, त्याला पांगळं करणं आहे.

सातपुडा_ताई
दादा, स्टँडवर रात्री अकराला एक चक्कर मारा आणि धडधाकट किती ते मोजा. मला दिसतात ती घरातून निघून गेलेली म्हातारी माणसं, स्वतःशी बोलत फिरणारी माणसं. यांच्या हातात केळी कापायचा विळा देणार? आणि मजुराने तरी रात्री झोपायचं कुठे? मनोरुग्ण रस्त्यावर भटकताना दिसला आणि त्याला स्वतःला सांभाळता येत नसेल, तर त्याला संरक्षणात घेणं 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने पोलिसांचं कर्तव्य आहे. ठाण्यात कळवायला तर पैसे लागत नाहीत!

भुसावळची_सना
आमच्याकडेही हेच. रमजानमध्ये इफ्तारला कुणालाही बसवतात, जकातीच्या, म्हणजे धर्माने नेमून दिलेल्या दानाच्या, आठ हक्कदारांत मुसाफिरही आहे, पण इशाची, म्हणजे रात्रीची नमाज झाली की मशिदीला कुलूप. तरी मी धागालेखकाशी पूर्ण सहमत नाही. एकच खोली उघडली तर ती पुरुषांची होणार. स्टेशनबाहेरची बाई पोलीस चौकीच्या उजेडात झोपते, ती तुमच्या सभागृहात येणार नाही. आधी बायकांसाठी खोली करा, आतून कडी असलेली. रात्री सोबतीला बाईच हवी.

एक_विश्वस्त
गाठोड्याचं मान्य. पुढच्या भंडाऱ्याला आत आणू देऊ, तसं पोरांना सांगतो. बायकांच्या खोलीचंही पटतंय. पण रात्री जागणार कोण? आमचा पुजारी साठीचा आहे.

गिरणाकाठ
आमचं भजनी मंडळ पाळी लावेल. बायकांच्या खोलीसाठी मंडळातल्या दोन काकू तयार आहेत, आजच विचारलं.

एक_विश्वस्त
महिन्याची नावं लेखी द्या, बैठकीत ठेवतो. माझं मत मात्र आज तरी विरोधातच पडेल.